छोट्या बोटीच्या हल्ल्यापासून युद्धनौकेचा बचाव: तयारी कशी करायची, क्रम काय आणि चुका कुठे होतात

छोट्या बोटीच्या हल्ल्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बंदुकीचाच येतो. कुठली मशीनगन, किती लावायच्या, कुठल्या बाजूला. आणि क्रम तिथेच चुकतो, कारण बंदूक ही या सगळ्या प्रकारातली शेवटची पायरी आहे आणि तिच्या आधीच्या पायऱ्या नीट झालेल्या नसतील तर बंदुकीमागे उभ्या असलेल्या पोराला समोरची बोट कचरा न्यायला आलीय की स्फोटकं घेऊन आलीय हेच कळत नाही, आणि कळेपर्यंत ती जहाजाला चिकटलेली असते.

१२ ऑक्टोबर २००० ला एडन बंदरात अमेरिकेची विनाशिका कोल इंधन भरत असताना नेमकं हेच झालं. एक छोटी बोट आली, बंदरातल्या इतर कामाच्या बोटींसारखीच दिसणारी, बाजूला लागली आणि फुटली. १७ जण गेले. रडार, क्षेपणास्त्रं, मोठी तोफ सगळं जहाजावर होतं, पहारेकरीही होते. नव्हता तो वेळ, म्हणजे ही बोट कोणाची हे ठरवायला लागणारा वेळ.

म्हणून हा लेख वेळ कसा मिळवायचा याबद्दल आहे. जहाजावर नव्याने पहाऱ्याची जबाबदारी आलेले, बंदर सुरक्षेत काम करणारे आणि हा विषय समजून घ्यायचाय असे सगळे वाचू शकतात. एक गोष्ट आधीच सांगतो, तुमच्या जहाजाचे स्थायी आदेश आणि बळाच्या वापराचे नियम याच्या वर आहेत, कुठे फरक दिसला तर ते पाळा.

१. आधी सेकंदांचा हिशोब मांडा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. जहाज बंदरात शिरायच्या आधी कागद पेन घेऊन बसा.

नॉटमधला (म्हणजे ताशी सागरी मैलांतला) वेग अर्धा केला की ढोबळमानाने सेकंदाला किती मीटर ते मिळतं. म्हणजे ३० नॉटने येणारी बोट सेकंदाला साधारण १५ मीटर कापते. ५०० मीटर अंतर कापायला २० नॉटच्या बोटीला सुमारे ४९ सेकंद लागतात, ३० नॉटला ३२ आणि ४० नॉटला फक्त २४.

आता दुसऱ्या बाजूने मांडा. समजा पहारेकऱ्याला बोट दिसून ती वेगळी आहे हे जाणवायला ८ सेकंद, वॉकीटॉकीवर कळवायला ७, ड्युटी ऑफिसरला समजून निर्णय घ्यायला १०, भोंगा आणि फ्लेअर (झगझगीत उजेडाचा इशारा) वापरून प्रतिसादाची वाट बघायला १५, आणि गोळीबार सुरू होऊन त्याचा परिणाम व्हायला ५. झाले ४५ सेकंद. ३० नॉटच्या बोटीसाठी ४५ सेकंद म्हणजे जवळजवळ ७०० मीटर. याचा सरळ अर्थ असा की ७०० मीटरच्या आत आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलेली बोट तुम्ही तुमच्या ठरलेल्या क्रमाने थांबवू शकत नाही.

बरं, बहुतेक बंदरांत ७०० मीटर मोकळं पाणीच नसतं. मग दोनच मार्ग उरतात, एकतर बोटीचा वेग कमी करायला लावायचा (तरंगता अडथळा, गस्तीची बोट, जागेची निवड) किंवा आपले सेकंद कमी करायचे (कोणाला काय अधिकार आहेत हे आधीच ठरवून, वाक्यं आधीच पाठ करून). पुढचे सगळे टप्पे या दोनपैकी एका कामासाठी आहेत हे डोक्यात ठेवा.

तपासा: वरचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुमच्या जहाजावर स्टॉपवॉच लावून खरे आकडे काढा, आणि ते पहाटे ४ च्या पहाऱ्यावर काढा, सकाळी १० ला सगळे ताजेतवाने असताना नाही.

२. बंदराची माहिती, पोचायच्या आधी

इथे जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचतो. बंदरात रोज कोण फिरतं याची यादी हवी: इंधनाची बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट), दोर बांधायला येणारी बोट, कचरा नेणारी बोट, पाण्याची बार्ज, पायलटची (जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची) बोट, टग (मोठ्या जहाजाला ओढणारी बोट), प्रवासी बोटी, मच्छिमार. आणि नुसते प्रकार लिहून भागत नाही, आपल्याकडे येणार असलेल्या प्रत्येक बोटीचं नाव, नंबर, रंग, त्यावर किती माणसं, कोण, आणि किती वाजता येणार हे एजंटकडून आधी मागवायचं. जमलं तर फोटो. यादीत नसलेली बोट बाजूला लागणार नाही, मग ती कितीही ओळखीची दिसू दे आणि त्यावरचा माणूस कितीही हसून हात करू दे. कोलच्या वेळी बोटीवरच्या दोघांनी हात हलवला होता असं नंतर सांगितलं गेलं, हे प्रत्येक गॅंगवेच्या (जहाजावर चढायच्या वाटेच्या) पहारेकऱ्याला एकदा तरी ऐकवायला पाहिजे.

मच्छिमारांचा दिनक्रम वेगळा समजून घ्या. किती वाजता बाहेर पडतात, कुठून परत येतात, जाळी कुठे टाकतात. नेहमीचं काय ते माहीत असेल तरच वेगळं काय ते दिसतं. पहिल्या दिवशी सगळंच संशयास्पद वाटतं आणि तिसऱ्या दिवशी काहीच वाटत नाही, दोन्ही वाईट.

यजमान देशाशी बोलून घ्यायच्या गोष्टी: आपली सशस्त्र बोट पाण्यात उतरवू देतील का, पहारेकऱ्यांकडे भरलेली हत्यारं चालतील का, बंदराची गस्त त्यांची असेल की आपली, त्यांच्या गस्ती बोटी कशा ओळखायच्या, आणि रात्री २ वाजता फोन केला तर उचलणारा माणूस कोण. परक्या बंदरात आपल्याला हवं ते सगळं करता येत नाही. जे करता येणार नाही ते आधी कळलं तर दुसरा मार्ग काढता येतो, धक्क्याला लागल्यावर कळलं तर मुकाट्याने चालवून घ्यावं लागतं.

जागा मागताना शक्यतो अशी मागा की समुद्राकडची बाजू मोकळी दिसेल आणि जहाजाचं तोंड बाहेरच्या दिशेने असेल, म्हणजे वेळ आली तर वळण्यात अर्धा तास जाणार नाही.

इशारा: जहाज कधी येणार, किती थांबणार, किती इंधन घेणार ही माहिती पुरवठादार, एजंट, बार्जवाले अशा कितीतरी लोकांकडे जाते. ती लपवता येईल असं धरून चालू नका. फक्त गरजेपेक्षा जास्त माणसांना आणि गरजेपेक्षा लवकर देऊ नका, आणि खलाशांच्या मोबाईलवरून घरी जाणारे मेसेज हाही त्याच गळतीचा भाग आहे हे त्यांना नीट समजावून सांगा.

३. वर्तुळं ठरवा, आणि ती डोळ्यांना दिसतील अशी ठरवा

जहाजाभोवती तीन अंतरं ठरवायची. बाहेरचं, जिथे बोटीची नोंद घ्यायची आणि ओळख पटवायची. मधलं, जिथे इशारे सुरू. आतलं, जिथे परवानगीशिवाय कोणीच नाही. कोलनंतर अमेरिकेने आपल्या पाण्यात नियमच केला की नौदलाच्या जहाजापासून ५०० यार्डांच्या आत प्रत्येक बोटीने कमीत कमी वेगाने चालायचं आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय यायचं नाही. म्हणजे साधारण ४५७ मीटर आणि ९१ मीटर. या नियमाचा खरा फायदा असा की साधी बोट आपोआप हळू होते, आणि जी होत नाही ती वेगळी दिसते. तुमच्या बंदरात असा नियम असेल तर तो मच्छिमारांपर्यंत पोचलाय का हे बघा, नसेल तर बंदर प्रशासनाकडून तशी सूचना काढून घ्यायचा प्रयत्न करा.

चूक कुठे होते? वर्तुळं चार्टवर काढली जातात आणि ब्रिजवरच (जहाज चालवायच्या खोलीतच) राहतात. डेकवर उभ्या माणसाला ४०० मीटर म्हणजे कुठपर्यंत हे सांगता येत नाही, पाण्यावर तर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून प्रत्येक पोस्टवर (पहाऱ्याच्या जागेवर) एक साधं कार्ड ठेवा: लाल बोया ३५० मीटर, धक्क्याचं टोक ५०० मीटर, नांगरलेली ती पांढरी बार्ज ८०० मीटर. अंतर मोजायचं लेझर यंत्र असेल तर त्यानेच मोजून लिहा. नांगरावर असाल तर वारा आणि भरती-ओहोटीने जहाज फिरतं, तेव्हा कार्ड दर भरतीला बदलावं लागेल.

अजून एक, अंतर जहाजाच्या कडेपासून मोजायचं, ब्रिजपासून नाही. कोलची लांबी सुमारे १५४ मीटर आहे. एवढ्या जहाजावर ब्रिजपासून मोजलेलं अंतर मागच्या टोकाला पार चुकलेलं असतं आणि मघाशी काढलेल्या हिशोबातले पाच-सात सेकंद गुपचूप निघून जातात.

तपासा: कुठल्याही पोस्टवर जा, समोरची एखादी बोट दाखवा आणि विचारा, ही कुठल्या वर्तुळात आहे? उत्तर यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर कार्ड पुन्हा समजावून सांगा.

४. पहारा

प्रत्येक पहारेकऱ्याला स्वतःचा पट्टा हवा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा अंशांत, आणि शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढणारा. मग एक नियम कडक पाळायचा, दुसरीकडे काहीही झालं तरी आपला पट्टा सोडून बघायचं नाही. एका बाजूला आरडाओरडा झाला की सगळ्यांची तोंडं तिकडे वळतात हे माणसाच्या स्वभावातच आहे, आणि हल्ला करणाऱ्याला ते माहीत असतं. एक बोट लक्ष वेधायला आणि दुसरी खऱ्या कामाला, असा प्रकार नवीन नाही. श्रीलंकेत सी टायगर्स (तमिळ वाघांची सागरी शाखा) तर एकाच वेळी बऱ्याच बोटी सोडायचे, आणि त्यांच्यात स्फोटकं भरलेली एखादीच असायची.

धक्क्याला लागल्यावर सगळ्यांचं लक्ष गॅंगवेकडे जातं कारण माणसं, गाड्या, सामान तिकडून येतं. समुद्राकडच्या बाजूला एकटा कंटाळलेला माणूस उरतो. हे उलटं करा, अनुभवी माणूस समुद्राकडे ठेवा.

रडारवर विसंबून राहू नका. लाकडी आणि फायबरच्या बोटींचा प्रतिध्वनी कमकुवत येतो, लाटांच्या गोंधळात तो हरवतो, आणि जहाजाच्या अगदी जवळ आंधळा भाग असतो तो वेगळाच. एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) तर छोट्या बोटींकडे बहुतेक वेळा नसतंच. रात्री थर्मल कॅमेरा चांगला उपयोगी पडतो पण त्याचं दृश्य अरुंद असतं, म्हणून कॅमेऱ्यावर एक माणूस आणि उघड्या डोळ्यांनी बघणारा दुसरा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेव्हा पहारा बदलताना नवा माणूस थेट उजेडाच्या मेसमधून पोस्टवर येऊन उभा राहिला तर पहिली वीस मिनिटं तो अर्धा आंधळाच असतो. त्याला लवकर बोलवा आणि जुन्या माणसाला तेवढा वेळ थांबवा.

आता माणूस नसलेल्या बोटींचंही बघावं लागतं. ३० जानेवारी २०१७ ला येमेनच्या किनाऱ्याजवळ सौदी अरेबियाच्या अल मदीना या फ्रिगेटवर दुरून चालवलेली बोट आदळवली गेली. अशा बोटीला भोंगा ऐकू येत नाही आणि तिला भीतीही वाटत नाही. म्हणून पहारेकऱ्याच्या पहिल्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट आलीच पाहिजे, बोटीवर माणसं दिसतायत का, किती. शून्य असेल तर निर्णयाचा वेग बदलतो.

इशारा: रिपोर्ट कसा द्यायचा ते ठरलेलं नसेल तर माणूस घाबरून गोष्ट सांगायला लागतो. दिशा, अंतर, बोटीचा प्रकार, माणसं, काय करतेय. पाच गोष्टी याच क्रमाने, बस.

५. इशाऱ्यांची शिडी

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. एक बाजू म्हणजे उशीर, दुसरी म्हणजे निरपराध माणूस मरणं, आणि दुसरीला हलकं समजणाऱ्याच्या हातात हे काम देऊ नये असं माझं ठाम मत आहे. १६ जुलै २०१२ ला दुबईजवळ अमेरिकेच्या रॅपाहॅनॉक या पुरवठा जहाजावरून एका मच्छिमार बोटीवर गोळीबार झाला, एक भारतीय मच्छिमार ठार झाला आणि तिघं जखमी झाले. अमेरिकेच्या बाजूने सांगितलं गेलं की बोटीला आधी इशारे दिले होते, वाचलेल्या मच्छिमारांनी सांगितलं की आम्हाला कसलाच इशारा मिळाला नाही. इशारा दिला आणि इशारा पोचला यात किती अंतर पडू शकतं ते यातून समजतं.

मच्छिमाराच्या जागी उभं राहून विचार करा. इंजिन कानाशी धडधडतंय, वायरलेस असला तर बंद किंवा दुसऱ्याच चॅनेलवर, इंग्रजी येत नाही, लक्ष जाळ्याकडे. त्याला चॅनेल १६ (समुद्रावरचा सामाईक वायरलेस चॅनेल) वरची घोषणा कळणारच नाही. म्हणून शिडी अशी लावा की कान, डोळे आणि भाषा तिन्हीकडून पोचेल:

– चॅनेल १६ वर हाक, बोटीचं वर्णन करून: निळी बोट, दोन माणसं, माझ्या उजव्या बाजूला. नुसतं ‘अनोळखी बोट’ म्हटलं तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या कोणालातरी सांगतायत.
– जहाजाच्या भोंग्याचे पाच छोटे आवाज. समुद्रावर वावरणाऱ्या बऱ्याच जणांना हा संकेत धोक्याचा म्हणून माहीत असतो.
– ध्वनिवर्धकावरून स्थानिक भाषेत आधी रेकॉर्ड केलेलं वाक्य. वाक्य छोटं: थांबा, मागे फिरा, नौदलाचं जहाज आहे. लांबवर आवाज फेकणारी खास यंत्रं कोलनंतरच जास्त वापरात आली, असतील तर वापरा.
– रात्री सर्चलाइट. पण सतत डोळ्यावर मारू नका, समोरचा आंधळा झाला तर वळणार कुठे?
– फ्लेअर, बोटीच्या पुढे, बोटीवर नाही.
– पाण्याचा फवारा, अगदी जवळ आलेल्या आणि हळू चाललेल्या बोटीसाठी.
– इशाऱ्याचा गोळीबार, नियमात बसत असेल तरच.
– आणि त्यानंतरच प्रत्यक्ष रोखण्यासाठी बळ.

पिवळ्या-काळ्या चौकटींचा एल झेंडा समुद्रात ‘ताबडतोब थांबा’ असं सांगतो, पण बंदरात त्याच झेंड्याचा अर्थ जहाज क्वारंटाइनमध्ये आहे असा होतो, आणि साध्या मच्छिमाराला दोन्ही अर्थ माहीत नसतात. झेंड्यावर भरवसा टाकू नका.

शिडी म्हणजे एक झालं की थांबा, मग दुसरं, असं नाही. हीच सगळ्यात नेहमीची चूक. भोंगा, ध्वनिवर्धक आणि लाइट एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत, वेगवेगळ्या माणसांच्या हातून. आणि बोट थेट आतल्या वर्तुळात वेगाने घुसली असेल तर खालच्या पायऱ्या पूर्ण करत बसायला वेळ नसतो, तेव्हा काय करायचं आणि कोणी हे आदेशात स्पष्ट लिहिलेलं हवं.

निर्णय घेणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे. या बोटीत नुकसान करायची क्षमता आहे का? ती त्या स्थितीत, त्या अंतरावर आहे का? आणि तिचं वागणं हेतू दाखवतंय का? तिसरा प्रश्न अवघड आहे. दिशा न बदलता अंतर कमी होत जाणं, आपण वळलो की तिनेही वळणं, इशारा पोचल्याचं दिसत असूनही वेग वाढवणं, दिसणाऱ्या सामानाच्या मानाने पाण्यात जास्त बुडालेली असणं. या एकेका गोष्टीला साधं कारण असू शकतं. चारही एकत्र असतील तर सहसा नसतं. जास्त बुडालेल्या बोटीचं म्हणाल तर, कोलच्या आधी जानेवारी २००० मध्ये एडनमध्येच द सलिव्हन्स या जहाजावर असाच प्रयत्न झाला होता आणि वजनामुळे ती बोट आपणहून बुडाली, कोणाला कळलंही नाही.

तपासा: गोळीबाराचा आदेश कोण देऊ शकतं, तो माणूस जेवत असेल तर कोण, आणि स्वतःच्या बचावासाठी पोस्टवरचा माणूस आपणहून काय करू शकतो. ही तीन उत्तरं प्रत्येक पोस्टवर सारखी येतात का बघा. वेगवेगळी आली तर पहारा सुरू करू नका, आधी ब्रीफिंग परत घ्या.

तपासा: ध्वनिवर्धक आणि वायरलेसचं रेकॉर्डिंग चालू आहे ना, वेळेसकट. नंतर चौकशीत हेच सांगेल की इशारा खरंच दिला होता.

६. हत्यारं

हा टप्पा मुद्दाम छोटा ठेवतोय. जहाजाची मोठी तोफ जवळच्या बोटीसाठी बहुतेक निकामी असते, नळी तेवढी खाली झुकत नाही. काम १२.७ मिलिमीटरच्या आणि हलक्या मशीनगनचं आहे. प्रत्येक पोस्टला कुठपासून कुठपर्यंत मारा करता येतो ते कागदावर काढा, मग जहाजाच्या कडेला अगदी लागून असलेला जो भाग कुठल्याच पोस्टवरून दिसत नाही तो शोधा. तो असतोच. तिथे एक माणूस वाढवा किंवा कॅमेरा लावा.

पाण्यावर लागलेली गोळी उसळून पुढे जाते. मागे प्रवासी बोट, वस्ती, तेलाची टाकी काय आहे ते कार्डावर लाल रंगाने लिहा, त्या दिशेला काय करायचं हे आधी ठरवा. इंधन भरताना तर दोनदा विचार करा.

७. गस्तीची बोट आणि तरंगता अडथळा

पाण्यात आपली एक बोट असली की हिशोबात एकदम फरक पडतो, कारण ओळख पटवायचं काम जहाजाच्या कडेला न होता बाहेरच्या वर्तुळावर होतं. बोटीचं काम मधे येऊन उभं राहणं आणि विचारणं. तपासायला जाताना चिकटायचं नाही. २४ एप्रिल २००४ ला इराकच्या तेल टर्मिनलजवळ एका संशयास्पद धाऊकडे (अरबी पद्धतीच्या लाकडी गलबताकडे) अमेरिकेच्या गस्ती जहाजाची छोटी बोट तपासणीला गेली, धाऊ फुटली आणि बोटीवरचे तिघं गेले. म्हणून आधी लांबून थांबवा, इंजिन बंद करायला लावा, सगळ्या माणसांना एका जागी मोकळे हात दाखवत उभं करा, आणि मगच पुढचं ठरवा.

दुसरी गोष्ट, आपली बोट आपल्याच मशीनगनच्या रेषेत येऊ नये. गस्तीचा रस्ता आणि पोस्टचा मारा एकाच कागदावर काढलेला नसेल तर हे कधीतरी होणारच. बोट कुठल्या बाजूला सरकणार हे आधी ठरवा आणि त्याचा एकच शब्द ठेवा, तो ऐकला की बोट त्या बाजूला निघणार.

अडथळ्याचं तत्त्व साधं आहे, बोटीला वेगाने आत येऊ द्यायचं नाही. २९ ऑक्टोबर २०२२ ला क्रिमियातल्या सेवास्तोपोल या रशियन नौदलाच्या तळावर माणूस नसलेल्या बोटींनी हल्ला झाल्यावर तिथे बंदराच्या तोंडाशी अडथळ्यांच्या रांगा वाढल्या त्या यासाठीच. पण टग आणि बार्जसाठी अडथळ्यात फट ठेवावी लागते, आणि ती उघडल्यावर बंद करायची जबाबदारी कोणाची हे बऱ्याच ठिकाणी कोणालाच माहीत नसतं. नाव लिहा, वेळ लिहा.

८. पाण्याखाली

बोटीचा विचार करताना पोहणारा विसरतो. बंदरात लागल्यावर आणि निघायच्या आधी पाणबुड्यांकडून तळ तपासून घ्या, रात्री कडेच्या पाण्यावर दिवे ठेवा, बुडबुडे आणि तरंगता कचरा यांच्यावर नजर ठेवा. अधूनमधून आणि वेळ बदलून जहाजाचे पंखे (प्रोपेलर) फिरवणं हा जुना उपाय आहे.

इशारा: आपले पाणबुडे खाली असताना पंखा, सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र) आणि पाणी ओढणारे पंप बंद आणि कुलूपबंद, आणि चावी पाणबुड्यांच्या प्रमुखाकडे. हे तोंडी सांगून चालत नाही, लेखी लागतं.

९. तरीही बोट पोचली तर

कोलच्या बाजूला सुमारे १२ बाय १८ मीटरचं भगदाड पडलं आणि तरी जहाज बुडलं नाही, कारण खलाशी कित्येक दिवस पाण्याशी झुंजत राहिले, वीज गेली तरी, पंप बंद पडले तरी. ती तयारी आधीची होती. मग तुमच्या जहाजावर बंदरात असताना पाण्याच्या पातळीखालचे दरवाजे आणि हॅच बंद असतात का? इंधन भरताना, सामान चढवताना ये-जा सोपी व्हावी म्हणून ते उघडे टाकले जातात आणि धोका नेमका तेव्हाच जास्त असतो.

कोलवर स्फोट भटारखान्याजवळ झाला, जेवणाच्या वेळी. सगळे एका ठिकाणी असतील अशी वेळ शक्य तितकी टाळा, जेवण दोन-तीन पाळ्यांत द्या. आग आणि पूर यांच्याशी लढणारी तुकडी दोन भागांत, जहाजाच्या दोन टोकांना झोपवा. हाताने चालणारे पंप, लाकडी टेकू, बॅटरीचे दिवे आणि वायरलेस यांचा साठा एकाच खोलीत नको.

स्फोट झाल्यावर पहारेकऱ्यांनी पोस्ट सोडायची नाही. मित्र खाली अडकलेला असताना हे फार कठीण आहे, म्हणूनच आधी बोलून ठेवावं लागतं. दुसरी बोट येऊ शकते, आणि मदतीला धावून येणाऱ्या बोटींच्या गर्दीतूनही येऊ शकते. मदतीच्या बोटी एका ठरलेल्या बाजूनेच आणि ओळख पटवूनच येतील.

१०. सराव

न सांगता घ्या, आणि गैरसोयीच्या वेळी घ्या: पहारा बदलताना, इंधन भरताना, पाऊस पडत असताना, जहाज धक्का सोडत असताना. सरावाची बोट प्रत्येक वेळी वेगळी वागली पाहिजे. तीनपैकी दोन वेळा ती खरंच वाट चुकलेला मच्छिमार असू दे, म्हणजे माणसं रोखायला शिकतात तशीच सोडून द्यायलाही शिकतील. दोन बोटी एकदम सोडा. एकदा वॉकीटॉकी मुद्दाम बंद पाडा. प्रत्येक वेळी तेच पाच आकडे लिहा, बघणं, कळवणं, ठरवणं, इशारा, परिणाम, आणि बेरीज पहिल्या टप्प्यातल्या कागदाशी लावून बघा. बेरीज वाढली तर बाहेरचं वर्तुळ वाढवा किंवा एक पोस्ट, आणि तेही जमत नसेल तर त्या बंदरात गस्तीच्या बोटीशिवाय थांबू नका असं वर लेखी कळवा.

निघताना पहारा लवकर उठवू नका. चॅनेलमधून हळू चालणारं, वळायला जागा नसलेलं जहाज धक्क्यावरच्या जहाजाइतकंच अडकलेलं असतं. ६ ऑक्टोबर २००२ ला येमेनजवळ लिंबर्ग हा तेलवाहू टँकर बंदराच्या बाहेरच, पायलटची वाट बघत असताना, स्फोटकांच्या बोटीने फोडला होता. शेवटचा बोया मागे पडेपर्यंत, वेग वाढेपर्यंत आणि मच्छिमारांचा पट्टा ओलांडेपर्यंत सगळ्या पोस्ट भरलेल्या ठेवा, आणि पहारा उठवल्याची वेळ लॉगमध्ये लिहा.